टी-शर्टावरची आई

आई, तुझा चेहरा छापलेल्या टी-शर्टानं एक माणूस स्कूटरची सीट पुसत होता, तिथून सुरुवात करते. सकाळी सहाची वेळ होती. आपल्या धारवाडशेजारच्या गावात, लॅमिंग्टन रोडजवळच्या मैदानावर लोक जमत होते आणि दवानं त्याची सीट ओली झाली होती. नुकताच वाटलेला कोरा टी-शर्ट त्यानं चुरगाळला, सीटवरून दोनदा फिरवला, झटकला आणि अंगात घातला. तुझं कुंकू आणि एक गाल ओला, काळपट झालेला. त्याला त्यात काही वाटलं नाही, आणि वाटावं तरी का, तो तुला ओळखत नव्हता. तू गेल्याला नऊ वर्षं झाली होती आणि तुझं नाव घेऊन पाच किलोमीटर पळायला दोन-अडीचशे माणसं आली होती. त्यांतल्या एकाही माणसाला तुझ्या शेवटच्या सहा वर्षांत आपल्या घरात पाऊल टाकावंसं वाटलं नव्हतं.

दौड ठेवली होती तुझ्याच महिला मंडळानं. मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून काहीतरी मोठं करायचं होतं. मेंदूच्या आजारांसाठी धर्मादाय दौड, निधी एका मोफत दवाखान्याला, आणि सगळं 'आमच्या दिवंगत सदस्येच्या स्मरणार्थ'. अध्यक्षबाई त्याच, तुझ्या वेळच्या. आता केस पांढरे झालेत, आवाज तसाच. त्यांनी पत्रकाचा मजकूर आधी माझ्याकडे पाठवला होता. 'अत्यंत शांत, हसतमुख. हळूहळू विस्मृतीच्या धुक्यात हरवत गेल्या, पण चेहऱ्यावरचं हसू अखेरपर्यंत मावळलं नाही.' मी तो कागद ऑफिसच्या टेबलावर ठेवून दोन वेळा वाचला. धुकं! मला हात धुवावेसे वाटले. तरी मी खाली 'ठीक आहे' लिहून सही केली, आई. कारण अप्पा.

अप्पांना ती दौड हवी होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते महिनाभर एखाद्या लग्नघरातल्यासारखे वागत होते. टी-शर्टासाठी फोटो त्यांनीच काढून दिला, तू पस्तिशीची असतानाचा, मंडळाच्या सहलीतला. मी पत्रक घेऊन घरी आले, नवनगरच्या घरी (तू हे घर पाहिलं नाहीस), आणि म्हटलं, "अप्पा, ह्यात एक अक्षर खरं नाही." ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "नसू दे की. सहा वर्षं लोकांनी तिला काय काय म्हटलं. आता दहा लोक चांगलं म्हणतात तर म्हणू दे. तुझं काय जातंय?"

तू कोण होतीस ते मला माहीत आहे, निदान सांगता येतं. मुलींच्या शाळेत शिवण शिकवणारी बाई. तुझ्या पेटीत रिळं रंगानुसार लावलेली असायची. बाहेरून आलं की पाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. कुणाच्या उष्ट्या पेल्याला हात लागला तरी तू हात धुवायचीस, समोरच्याला कळणार नाही अशा बेतानं. नववीत असताना मी परकराची पट्टी घाईनं शिवली होती, तू ती उजेडात धरलीस आणि म्हणालीस, "उसव. वरून दिसत नाही म्हणून आतून घाण ठेवायची नाही." मी रडत सगळी पट्टी उसवली. तू शेजारी बसून होतीस, मदत केली नाहीस, पण उठूनही गेली नाहीस. अप्पा दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानात काउंटरवर उभे असायचे, त्यांच्या घड्या आणि तुझे टाके, असं आपलं घर होतं. कुठं काही सांडलेलं नाही.

नव्वद सालाच्या मागेपुढे तू बिघडायला लागलीस. तेव्हा आम्हाला तो बिघाड वाटला नाही, स्वभाव वाटला. शाळेतली एक मुलगी वडील गेल्याचं सांगत रडत होती आणि तू हसलीस. दुसऱ्या एकीचा भरतकामाचा पूर्ण झालेला रुमाल तू कात्रीनं मधोमध कापलास, आणि का कापला असं विचारल्यावर खांदे उडवलेस. स्वयंपाक करताना कच्ची कणीक तोंडात टाकायला लागलीस, एक गोळा, दोन गोळे, मग परातच मांडीवर. डाळीत थुंकलीस एकदा. मी ओरडले तर माझ्याकडे बघून पुन्हा थुंकलीस. शाळेनं फार गाजावाजा न करता तुला घरी बसवलं. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी मला एवढंच कळत होतं, की माझी आई घाणेरडी होत चाललीय, आणि मुद्दाम होत चाललीय.

मग मंडळाचं ते हळदीकुंकू. तुला न्यायला नको होतं, पण न नेल्यानं प्रश्न झाले असते. हॉलमध्ये शंभरेक बायका, रेशमी साड्या, अत्तर. मी कुंकू लावून घेत होते तेवढ्यात तू लाडवांच्या ताटाशी गेलीस. दोन्ही हातांनी खायला लागलीस. लाळ आणि बुंदी हनुवटीवरून खाली. ताट काढून घेतलं तर शेजारच्या बाईच्या बशीतला तिनं चावलेला लाडू उचललास, तोंडात कोंबलास आणि तिच्याच पदराला तोंड पुसलंस. अध्यक्षबाई धावत आल्या. त्यांना तू कानडीत जे म्हणालीस ते मी इथं लिहू शकत नाही. तुला असले शब्द येत होते हेच मला माहीत नव्हतं. मी तुझा दंड धरून तुला बाहेर ओढत नेलं आणि रिक्षात तुझ्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसले. दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंचा निरोप आला. "त्यांना बरं वाटेपर्यंत आणू नका. आणि तुम्हीही थोडे दिवस आला नाहीत तरी चालेल."

धारवाडच्या डॉक्टरांकडे जायला त्यानंतरही आठ महिने गेले. त्याआधी लिंबू उतरवून झालं, एका बाबाची राख चाटवून झाली. डॉक्टर तरुण होते. डोक्याच्या स्कॅनचा फोटो प्रकाशात धरून त्यांनी मेंदूचा पुढचा भाग दाखवला, झिजलेला. "ह्या वाईट वागत नाहीत," ते म्हणाले, "माणूस स्वतःला आवरतो ना, ते आवरणारं जे असतं, तेच ह्यांचं संपत चाललंय. ह्याला औषध नाही. सांभाळणं आहे." तू त्यांच्या टेबलावरची पिन तोंडात घातली होतीस, मी बोट घालून ती काढली. बसमध्ये अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुणाला सांगायचं नाही हं. डोक्याचं म्हटलं की वेडी म्हणतील." आणि आम्ही सांगितलं नाही. सांगितलं काय, तर तू कोल्हापूरला बहिणीकडे असतेस. मागच्या खोलीची खिडकी खिळे मारून बंद केली आणि त्या खोलीतून तुझा आवाज आला की मी रेडिओ मोठा करायचे. शेजारणी समजून जायच्या. कुणी कोल्हापूरची चौकशी करायची आणि ओठ दाबून हसायची. मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटायचं, तू थुंकायचीस तसं.

ती सहा वर्षं मी कशी काढली हे कुणाला सांगायचं झालं तर लोक म्हणतात, केवढी सेवा. सेवा नव्हती ती. मी श्वास रोखून तुला धुवायचे. एका श्वासात पाठ, बाहेर येऊन श्वास घ्यायचा, दुसऱ्या श्वासात मांड्या. फिनेल, लघवी आणि तुझ्या तोंडाचा तो आंबूस वास माझ्या केसांत बसला होता, ऑफिसात मी सगळ्यांपासून हातभर लांब उभी राहायचे. तू साबण खाल्लास, देवाची वात खाल्लीस. तुला भरवताना तू घास माझ्या तोंडावर फुंकायचीस आणि मी तोंड पुसून पुढचा घास करायचे, आणि मनात म्हणायचे, मर. हे मी देवासमोरही बोलले नाही, आज तुला लिहिते. ज्या दिवशी तू गेलीस, तेव्हा लोक यायच्या आधी मी पहिली गोष्ट काय केली माहीत आहे? खिडकीचे खिळे उपटले. अप्पांना वाटलं, आईच्या जीवाला वाट करून देतेय. मला फक्त तो वास बाहेर घालवायचा होता.

तर ती दौड. नारळ फुटला, शिट्टी वाजली आणि तुझे अडीचशे चेहरे पळायला लागले. घामानं पाठीला चिकटलेली तू. पोटं सुटलेल्या पुरुषांवर ताणून रुंद झालेली तू. पाण्याच्या टेबलापाशी एका बाईनं टी-शर्टाच्या खालच्या टोकानं तोंड पुसलं, म्हणजे तुझ्या हनुवटीनं. फ्लेक्सवर मिठाईवाल्याची जाहिरात, कारण शेवटी सगळ्यांना लाडवाचा डबा होता. आई, लाडवाचा! मी पळत नव्हते, चालत होते, दात आवळून. अप्पा मंडपात पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि येणारेजाणारे त्यांना नमस्कार करत होते.

दाजीबानपेठेच्या तोंडाशी एक बाई माझ्या बरोबरीनं चालायला लागली. चाळिशीची, साडीवर टी-शर्ट चढवलेला, पायात कॅनव्हासचे बूट, बहुधा कुणाचे तरी मागून आणलेले. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "अक्का, एक विचारू का री? तुम्ही त्यांच्या मुलगी ना?"

मी मान हलवली.

"तुमच्या आई नुसत्या विसरायच्या का?"

"का विचारताय?"

"पत्रकात तसं लिहिलंय की." तिनं आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "नम्मनियवरु, म्हणजे आमच्या घरचे, आमचे यजमान, भांड्यांचं दुकान आहे त्यांचं. ते काही विसरत नाहीत. सगळ्यांची नावं सांगतात. पण गिऱ्हाइकाच्या हातातलं केळं ओढून खाल्लं त्यांनी. चुलत्याच्या दहाव्याला हसले, खो खो. बायाबापड्यांना काहीबाही बोलतात. कधी असं नव्हते हो, देवमाणूस. दीर म्हणतात, चोरून पितोय. आता वरच्या खोलीत ठेवलंय."

"ठेवलंय म्हणजे?"

"कडी घालून. मारतात री. मुद्दाम करतोय म्हणून मारतात. मी हे पत्रक बघून आले होते, म्हटलं मेंदूचा आजार असेल, डॉक्टरचं नाव तरी मिळेल. पण वाचलं तर तुमच्या आई शांत होत्या, हसतमुख होत्या. मग म्हटलं, हा आजार वेगळा. आमचं म्हणजे नुसता वाईटपणाच. यारिगू हेळब्याड्री हां, कुणाला सांगू नका."

मी रस्त्यातच उभी राहिले. मागून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून पुढं जात होती. त्या पत्रकावर माझी सही होती, आई. आजवर जी किळस मला तुझी आली, त्या बायकांची आली, त्या सगळ्याच्या कितीतरी पट मला त्या क्षणी माझ्या 'ठीक आहे'ची आली.

मी तिला सगळं सांगितलं. कणीक, कात्री, थुंकी, हळदीकुंकू, लाडू, ती शिवी. शिवीसकट. अर्धं मराठीत, अर्धं कानडीत, जे जसं तोंडाला येईल तसं. जन्मात पहिल्यांदा कुणाला सांगत होते. ती मध्येच माझं मनगट घट्ट धरायची आणि म्हणायची, "हां, तसंच. अगदी तसंच री." लिंबू उतरवल्याचं सांगितलं तेव्हा ती रडता रडता हसली, कारण त्यांनीही उतरवलं होतं. पाच किलोमीटरला आम्हाला दीड तासापेक्षा जास्त लागला. आमच्या मागं फक्त कचरा गोळा करणारी गाडी होती.

मैदानावर आलो तर बक्षिसं वाटून झाली होती आणि अध्यक्षबाई घड्याळ बघत होत्या. "कुठं राहिलात? दोन शब्द बोला आणि आटपू या," म्हणाल्या आणि माइक हातात दिला. दोन शब्द मी घरून लिहून आणले होते, आभाराचे. तो कागद मी काढलाच नाही. मी म्हटलं, "माझी आई शांत नव्हती." मग म्हटलं, ती लोकांच्या ताटातलं ओढून खायची. शिव्या द्यायची. अंगावरचे कपडे काढायची. आम्ही तिला कोल्हापूरला पाठवल्याचं खोटं सांगितलं आणि कोंडून ठेवलं. ती वाईट नव्हती, तिच्या मेंदूचा पुढचा भाग झिजला होता, आणि हे कितीतरी दिवस आम्हाला कळलं नाही कारण आम्ही लाजेनं कुणाला विचारलं नाही. तुमच्या घरात कुणी असं अचानक निर्लज्ज झालं असेल तर त्याला मारू नका, डॉक्टरकडे न्या. मग तेच सगळं कानडीत सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तोंडाला पदर लावला होता. कुणीतरी मागं टाळी वाजवली, चारपाच जणांनी साथ दिली, मग ती विझली. आणि मी पाहिलं, अप्पांची खुर्ची रिकामी होती. ते पाठमोरे, सावकाश, फाटकाकडे चालले होते.

अध्यक्षबाईंनी माइक घेतला. "दुःखाच्या भरात माणूस बोलून जातो," त्या म्हणाल्या. "अल्पोपाहार तयार आहे."

अप्पा माझ्याशी नऊ-दहा दिवस बोलले नाहीत. जेवायचे, ताट धुवायचे, खोलीत जायचे. मला वाटलं, मी त्यांची बायको त्यांच्याकडून दुसऱ्यांदा काढून घेतली. माफी मागावी असंही वाटलं, पण कशाची मागायची ते कळेना. एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते, ते समोर येऊन बसले. म्हणाले, "तू तिनं काय काय केलं ते सांगितलंस."

"हो अप्पा."

"मी काय केलं ते नाही सांगितलंस."

मी वर बघितलं. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, कापडाच्या घडीसारखे एकावर एक.

"तुला माहीतच नाही, तू काय सांगणार. दुकानातला कापड मोजायचा लोखंडी मीटर होता ना घरी, त्यानं. दोनदा. डॉक्टरांकडे जायच्या आधी. तू ऑफिसात होतीस. मला वाटलं, मुद्दाम करतीय. तू माइकवर म्हणालीस ना, मारू नका म्हणून. मला वाटलं, हिला कळलंय. मला वाटलं, सगळ्या लोकांसमोर आता माझंच नाव घेतीय. म्हणून उठून गेलो."

मला त्यांचा राग यायला हवा होता आणि आलाही, पण त्या रागाला पुढं जायला वाट सापडली नाही. मी मारलं नाही, मी 'मर' म्हणायचे. दोघांत स्वच्छ कोण ते तूच ठरव. तुझ्या दंडावर ते वळ असतील तेव्हा मी तुला आंघोळ घालत नव्हते, त्या दिवसांत तू अजून स्वतः करत होतीस. म्हणजे तुझे तूच ते पाहिले असशील. तुला ते कुणी केले हे कळलं होतं का, हे विचारायला आता कुणी नाही. अप्पा उठले आणि त्या दिवसापासून पुन्हा बोलायला लागले, भाजीबद्दल, पाण्याबद्दल, वर्तमानपत्राबद्दल.

ती बाई मागच्या महिन्यात घरी आली होती. नवऱ्याला धारवाडला दाखवलं, तेच निघालं. औषध नाही हे तिलाही सांगितलं गेलं. पण दिरांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर हात उगारायचं थांबवलं, आणि वरच्या खोलीची कडी काढून जिन्याला छोटं दार बसवलं. ते आता दुकानाच्या मागच्या बाजूला बसतात, तिला दिसतील असे. बसल्या बसल्या गिऱ्हाइकांना शिव्या देतात. "गिऱ्हाइकांना सांगून टाकलंय मी," ती म्हणाली. "काही येत नाहीत. काही येतात." बरं काहीच झालेलं नाही. मंडळानं मात्र पुढच्या वर्षीची दौड दुसऱ्या कुणाच्या तरी स्मरणार्थ ठेवायची ठरवली आहे, हृदयरोगाची. तो आजार दिसायला बरा.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहून टाकते. आजारपणाआधीचे तुझे शब्द मला आठवतात, पण ते ज्या आवाजात तू बोललीस तो आवाज आठवत नाही. लोकांना मी सांगते, आई फार हळू बोलायची, शेजारच्या खोलीतही ऐकू जायचं नाही इतकं. ते मला अप्पांनी सांगितलंय. मी डोळे मिटून कान लावते तेव्हा त्या मागच्या खोलीतलं तुझं ओरडणंच तेवढं येतं, आणि परवा मला जाणवलं की आता ते आलं तरी मी रेडिओ लावत नाही. ऐकत बसते.